नळीवरचा दोन

हळदोण्याहून क्लेमेंतिनाबाय आली शुक्रवारी.
बाजाराच्या पिशवीत, चोरिसांच्या माळेखाली,
उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेले पिस्तूल.
"शेट, रुपे किती भरेल?"
म्हटले, वजन मागाहून. आधी नावगाव.

तीस वर्षे म्हापशात बसून
क्रूस आणि समया एकाच शेगडीवर जोडतो मी.
बंदुकीला कधी हात लावला नव्हता.
पण रुपे ते रुपे, बोलते शेवटी.
आपण भिंग लावून गप्प बसायचे.

घोड्याच्या जबड्यात गारगोटी नाही,
नुसती कातड्याची चिंधी.
ठासणीचा गज नाही, त्याला खोबणही नाही:
नळीच आट्यांची. पिळून काढायची,
दारू, गोळी, पुन्हा पिळून बसवायची.
आठवडाभर तेल पाजले,
तेव्हा चतकोर फिरली.
पोटाखाली दोन शिक्के, दोन्हींवर मुकुट:
लंडनच्या बंदूकवाल्यांनी दुप्पट दारू ठासून
एकदा हिला उडवून पाहिले होते.
फुटली नाही, म्हणून शिक्के.
त्यांच्या शेजारी, वेगळ्या हाताने कोरलेला, एक दोन.

चापाच्या कमानीवर सिंह.
म्हणजे मागचे पाय आणि शेपूट.
पुढचा सिंह, बिबट्याचे तोंड,
सालाचे अक्षर, कारागिराचे नाव:
सगळे गुळगुळीत, चोखलेल्या खडीसाखरेसारखे.
"दर नाताळाला घासतो ना आम्ही," बाय म्हणाली,
"कोकमाच्या सोलांनी. माझी सासू तर राखेनेही."
एवढ्या मायेने
एक साल पुसून टाकले होते त्या घराने.

नावाच्या पट्टीवर मात्र आर आणि टी, वळणदार.
काबोला इंग्रजांची पलटण होती काही वर्षे,
त्यातला कोणी असेल, म्हणून
दोना पावलाच्या दफनभूमीत गेलो.
उमाकांत स्कूटरवर पुढे, मी मागे पिठाची पुडी धरून.
(झिजल्या अक्षरांत पीठ चोळले की ती वर येतात.)
एक आर सापडला, ती कोणाची तरी बायको.
एक टी सापडला, तो तीन महिन्यांचा.
उरलेले पीठ मुंग्यांना टाकून परत आलो.

राहिला मुठीच्या टोकाचा मुखवटा.
पुस्तकातल्या चित्रांत हे मुखवटे
पोटदुखी झालेल्या म्हाताऱ्यासारखे, गाल ओघळलेले.
ह्याचे डोळे वटारलेले, मिशा वर वळलेल्या,
थेट आमच्या वेशीवरचा वेताळ.
सिंह नाही. झिजलेला नाही, कधी नव्हताच.
स्क्रू काढून आत पाहिले:
खिळ्याने ओरखडलेली मोडी. अडीच तोळे, घट एक गुंज.
माझा बाप अशीच घट लिहायचा.

अहवालाला बसलो. लिहिले:
मुठीची टोपी मूळची नाही.
मग "मूळची"वर पेन अडले.
खोडून लिहिले: टोपी गोव्यात घडवलेली, घडणावळ उत्तम.
मुंबईचा गिऱ्हाईक ह्या ओळीवर
निम्मी किंमत कापेल, हेही तिला सांगितले.

"आणि एक?" मी विचारले. "नळीवर दोन आहे.
ही जोडीने घडवायचे. एकाचे काय झाले?"
बाय चोरिसांची माळ सारखी करत राहिली.
एकसष्टचा डिसेंबर. रेडिओवर काहीबाही.
सासऱ्याने रात्री एक विहिरीत सोडले,
दुसऱ्यासाठी घरात वळला तर शेजारचा कुत्रा भुंकला.
ते राहिले तांदळाच्या डोणीत.
दर मे महिन्यात विहीर उपसतात.
घागरी निघाल्या, एक कुदळ, कोणाचा तरी चष्मा.
पिस्तूल नाही निघाले.

"चिखलात रुपे खराब होत असेल ना, शेट?"
काळे पडत असेल, म्हटले. ठाऊक नाही.
पण तिथे खाली
सोले घेऊन कोणी उतरलेले नाही.
सिंह पुरा असेल.